नाताळची मसालेदार बिअर : घरगुती प्रयोगाचे शास्त्र

उत्तर युरोपात बिअर फार पूर्वीपासून ऋतुमानाशी बांधलेली आहे. सातूचे पीक उन्हाळ्याच्या अखेरीस हाती येते, त्याला मोड आणून ते वाळवण्याचे काम शरद ऋतूत चालते, आणि शीतकरणाची यंत्रे नव्हती त्या काळी उकाड्यात आंबवलेली बिअर बहुधा आंबट होऊन वाया जात असल्याने थंडी पडू लागल्यावरच मोठी भांडी चुलीवर चढत. बव्हेरियात तर 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास बंदीच घालण्यात आली होती. नव्या धान्याची पहिली कसदार बिअर त्यामुळे डिसेंबरात, ऐन सणाच्या तोंडावर मुरून तयार होई, आणि वर्षभर पातळ, हलकी बिअर पिणारे शेतकरी कुटुंबही या एका खेपेसाठी धान्य हात न आखडता वापरी.

नॉर्वेत या प्रथेला कायद्याचे बळ मिळाले होते. स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या इतिहासकाराने तेराव्या शतकात लिहिलेल्या राजचरित्रांत म्हटले आहे की, दहाव्या शतकातील राजा पहिला होकोन याने ‘यूल’ हा जुना मध्यहिवाळी सण नाताळच्या दिवसांत आणला, प्रत्येकाने त्यासाठी ठरलेल्या मापाच्या धान्याची बिअर बनवावी असे फर्मावले आणि न बनवणाऱ्यास दंड लावला. पश्चिम नॉर्वेच्या गुलातिंग कायद्यानुसार शेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सणाची बिअर बनवायची, ती ख्रिस्त आणि मेरीच्या नावाने अर्पण करायची, आणि जो लागोपाठ तीन हिवाळे हे कर्तव्य चुकवील त्याची मालमत्ता जप्त व्हायची. पुढे 21 डिसेंबर हा संत थॉमसचा दिवस ‘बिअरवाल्या थॉमसचा दिवस’ म्हणून ओळखला जाऊ लागला, कारण त्या दिवसापर्यंत घरोघरची बिअर तयार असलीच पाहिजे असा दंडक होता.

मसाल्यांचा प्रवेशही याच जुन्या जगातला आहे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची शंकूसारखी फुले, सर्वत्र रूढ होण्यापूर्वी बिअरचा गोडसरपणा तोडण्यासाठी ‘ग्रुइट’ नावाचे वनस्पतींचे मिश्रण वापरले जाई, ज्यात दलदलीत उगवणारी मिरिका नावाची सुगंधी झुडपे, यारो आणि इतर रानवनस्पती असत. नॉर्वेच्या खेड्यांत जुनिपर झुडपाच्या डहाळ्या पाण्यात उकळून त्याच पाण्यात बिअर करण्याची रीत आजही टिकून आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात गरम केलेल्या बिअरमध्ये साखर, जायफळ, आले आणि भाजलेली सफरचंदे घालून ‘वासेल’ नावाचे पेय सणाला वाटले जाई. बव्हेरिया मात्र या वाटेने गेला नाही. तेथे 1516 च्या शुद्धता कायद्याने सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालण्यास मनाई केली होती, म्हणून जर्मन परंपरेतील सणाची बिअर कडक आणि धान्याच्या भरीव चवीची असते, पण तिच्यात मसाला नसतो. बेल्जियममध्ये असे बंधन नव्हते. तेथे धने आणि नारंगीची साल बिअरमध्ये टिकून राहिली, आणि 1966 साली हूगार्डन गावात पिएर सेलिस यांनी गव्हाची जुनी पांढरी बिअर पुन्हा सुरू केली तेव्हा हीच जोडी तिची ओळख ठरली.

घरी बनवलेल्या मसालेदार नाताळ बिअरचे आजचे रूप मुख्यतः अमेरिकेत घडले. तेथील दारूबंदी 1933 साली उठली, घरी वाइन बनवण्याची मुभाही मिळाली, परंतु घरी बिअर बनवणे संघराज्याच्या कायद्याने त्यानंतरही साडेचार दशके बेकायदेशीरच राहिले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 14 ऑक्टोबर 1978 रोजी सही केलेल्या आणि 1 फेब्रुवारी 1979 पासून अमलात आलेल्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 378 लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट बिअर स्वतःसाठी बनवण्याची परवानगी मिळाली. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांना त्यासाठी 2013 साल उजाडावे लागले. ब्रिटनने घरगुती बिअरवरील परवान्याची अट 1963 मध्येच काढून टाकली होती. महाराष्ट्रातील वाचकाने मात्र हे पक्के लक्षात ठेवावे की 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय कोणतेही मद्य बनवणे हा गुन्हा आहे आणि घरची चूल त्याला अपवाद नाही. पुढील विवेचन प्रत्यक्षात उतरवण्याचा मार्ग परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांना खुला आहे, तोही तेथील कायदा पाहूनच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर या जुन्या कारखान्याने 1975 साली नाताळसाठी खास बिअर काढली आणि दर वर्षी तिची कृती बदलण्याचा व बाटलीवर दर वर्षी वेगळ्या झाडाचे चित्र छापण्याचा पायंडा पाडला. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही बिअर गडद आणि मसालेदार होत गेली, तिच्यातील मसाल्यांची यादी कारखान्याने कधीच उघड केली नाही, आणि 2023 साली कारखाना बंद पडेपर्यंत ही परंपरा अखंड चालली. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या पिढ्यांनी या बिअरकडून एक विचार उचलला आणि तो फार मोलाचा आहे: नाताळच्या बिअरची एकच अचूक कृती नसते, दर वर्षी नवा प्रयोग करायचा असतो. मात्र प्रयोग या शब्दाचा अर्थ येथे फार वेळा सैल लावला जातो. स्वयंपाकघरातील डबे उघडून चिमूटचिमूट सगळे टाकणे हा प्रयोग नव्हे. बदल कशात केला, किती केला आणि त्याने काय झाले हे ज्याला नंतर सांगता येते त्यानेच प्रयोग केला असे म्हणता येईल.

अमेरिकेतील स्पर्धांच्या परीक्षकांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेत अशा मसालेदार नाताळ बिअरच्या प्रकाराला ‘हिवाळी हंगामी बिअर’ असे स्वतंत्र स्थान दिलेले आहे. ती बहुधा गडद, भरदार, नेहमीपेक्षा कडक आणि पिताना उबेची जाणीव देणारी असावी, मसाले जाणवावेत पण मूळ बिअर त्याखाली दबू नये, अशी अपेक्षा असते. मसाला आणि मूळ बिअर यांच्यातील हा तोलच या प्रकाराचा गाभा आहे, आणि तो समजण्यासाठी चवीविषयीची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दालचिनी, जायफळ, लवंग आणि आले यांत गोडवा जवळजवळ नाही, पण ज्या समाजात हे मसाले केक, पेस्ट्री आणि बिस्किटांतच चाखले जातात तेथे त्यांचा वास आला की जिभेला गोडाची अपेक्षा लागते. श्रीखंडात आणि पुरणात जायफळ उगाळून घालणाऱ्या मराठी घराला ही जोडणी निराळी समजावून सांगायला नको. गोडाचा हा आधार काढून घेतला आणि तेच मसाले कोरड्या, पातळ, कडू बिअरमध्ये घातले, तर दालचिनी लाकडाच्या भुशासारखी आणि लवंग औषधासारखी लागते. म्हणून मसाल्यांचा विचार करण्याआधी त्यांना पेलणारी बिअर उभी करावी लागते.

घरगुती खेप साधारण 19 लिटरची असते. तिच्यासाठी सुमारे 5 किलो फिकट माल्ट, अर्धा किलो म्युनिक माल्ट, अर्धा किलो क्रिस्टल माल्ट आणि 100 ग्रॅम चॉकलेट माल्ट हे प्रमाण चांगले जमते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. क्रिस्टल माल्टमध्ये दाण्याच्या आतच साखर तयार करून ती भाजलेली असते, त्यामुळे कॅरामेल आणि मनुकांची चव येते, तर चॉकलेट माल्ट हे नुसते खरपूस भाजलेले माल्ट असून त्यात कोको नसतो. भरडलेले माल्ट गरम पाण्यात तासभर भिजवले जाते, या पायरीला मॅश म्हणतात, आणि येथे पाण्याचे तापमान निर्णायक ठरते. दाण्यातील बीटा-अमायलेज हे विकर 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने काम करते आणि यीस्टला सहज पचणारी साखर बनवते, तर अल्फा-अमायलेज 70 अंशांच्या जवळपास अधिक सक्रिय असते आणि यीस्टला न पचणारे मोठे रेणू मागे ठेवते. मसालेदार बिअरसाठी 67 ते 68 अंश धरावेत, म्हणजे हे मोठे रेणू पुरेसे उरतात आणि तयार बिअर तोंडात भरीव लागते. गाळून मिळालेला गोड रस, ज्याला वर्ट म्हणतात, तासभर उकळला जातो आणि उकळी फुटताच त्यात सुमारे 40 ग्रॅम इंग्लिश जातीचे सौम्य हॉप्स पडतात. उकळीत हॉप्समधील आम्लांची रचना बदलून ती विरघळतात आणि कडवटपणा येतो. शेवटच्या मिनिटांत सुगंधासाठी हॉप्स घालण्याचा मोह या बिअरपुरता टाळावा, कारण हॉप्सचा फुलाफळांचा वास आणि मसाल्यांचा वास एकमेकांत मिसळून दोन्ही गढूळ होतात.

या प्रमाणात वर्टची सापेक्ष घनता 1.068 च्या जवळपास येते, म्हणजे तो पाण्यापेक्षा सुमारे सात टक्के जड असतो. किण्वन पूर्ण झाल्यावर ती 1.018 पर्यंत उतरली तर दोन आकड्यांतील फरकाला 131 ने गुणून मद्यार्काचे प्रमाण साडेसहा टक्के निघते. थंड केलेल्या वर्टमध्ये 18 ते 20 अंशांना यीस्ट सोडले जाते, आणि यीस्टची निवड ही मसाल्याइतकीच महत्त्वाची बाब आहे. अमेरिकन जातीचे शांत यीस्ट स्वतःची चव फारशी मागे ठेवत नाही. काही बेल्जियन आणि जर्मन गव्हाच्या बिअरची यीस्टे मात्र माल्टमधील फेरुलिक आम्लापासून 4-विनाइल ग्वायकॉल नावाचे संयुग बनवतात, ज्याचा वास लवंगेशी इतका जुळतो की अशा बिअरमध्ये वेगळी लवंग घालणे जवळजवळ नेहमीच अति होते.

आता प्रत्यक्ष मसाले. दालचिनीचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइडचा, लवंगेचा युजेनॉलचा, संत्र्याच्या सालीचा लिमोनीनचा आणि चक्रीफुलाचा ॲनेथॉलचा असतो. ही सारी तेलकट, उडून जाणारी द्रव्ये आहेत, ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि मद्यार्कात सहज विरघळतात. या एका गुणातून मसाला कधी आणि कसा घालावा याची बहुतेक उत्तरे मिळतात. तासभराच्या उकळीत घातलेला मसाला घरभर दरवळतो, पण भांड्यात त्यातले थोडेच उरते, शिवाय दालचिनीच्या सालीतून तुरटपणा उतरतो. म्हणून मसाले अखेरच्या पाच मिनिटांत किंवा आच बंद केल्यावर घालण्याची रीत पडली. 19 लिटरला दालचिनीचे एक-दोन तुकडे, तीनचार लवंगा, अर्धा चमचा ताजे किसलेले जायफळ, 15 ते 30 ग्रॅम आले आणि दोन संत्र्यांची साल इतके पुरते. साल घेताना तिच्या आतला पांढरा गर घेऊ नये, कारण त्यात कडवटपणाच अधिक असतो. स्कँडिनेव्हियातील नाताळच्या ब्रेडमध्ये वेलदोडा अनेकदा असतो, त्यामुळे तोही या बिअरला परका नाही, मात्र पाचसहा वेलदोड्यांचे दाणे ठेचून घातले तरी बाकीचे मसाले मागे पडतात. दळलेले मसाले वापरू नयेत. त्यांचा गाळ बाहेर काढता येत नाही आणि त्यातून अर्क उतरणे थांबवताही येत नाही.

तरीही उकळीत मसाला घालण्यात एक मूलभूत अडचण राहते. मसाल्याचा कस प्रत्येक खेपेला वेगळा असतो, दुकानात दालचिनी म्हणून मिळणारी साल श्रीलंकेच्या नाजूक पापुद्र्यांची आहे की चीन-इंडोनेशियाकडच्या जाड, तिखट सालीची आहे यावर चव पार बदलते, आणि यीस्ट काम करताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड वायू बराचसा सुगंध आपल्याबरोबर वाहून नेतो. उकळीच्या वेळी केलेला अंदाज महिन्याने खरा ठरेल याची शाश्वती कोणालाच देता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे टिंक्चर, अर्थात मद्यार्कात काढलेला अर्क, आणि घरगुती प्रयोगाला शास्त्राची शिस्त खऱ्या अर्थाने येथे येते. प्रत्येक मसाल्यासाठी वेगळी लहान बरणी घेऊन तीत 10 ग्रॅम अख्खा किंवा जाडसर ठेचलेला मसाला आणि 100 मिलिलिटर साधी व्होडका घालून झाकण घट्ट लावावे, रोज एकदा हलवावे आणि पाचसहा दिवसांनी कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळून घ्यावे. किण्वन संपलेली, अजून मसाला न घातलेली बिअर मोजून 100 मिलिलिटरप्रमाणे चार पेल्यांत ओतावी आणि सुई नसलेल्या 1 मिलिलिटरच्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे 0.1, 0.2, 0.3 आणि 0.4 मिलिलिटर अर्क सोडावा. बाजूला एक पेला कोरा ठेवावा, नाहीतर मूळ बिअरची चव कशी होती याचा जिभेला लवकरच विसर पडतो.

ज्या पेल्यात मसाला जाणवतो पण नाव घेऊन ओळखावा असा पुढे येत नाही, तो बहुधा योग्य पेला असतो. समजा तो 0.2 मिलिलिटरचा निघाला, तर लिटरला 2 मिलिलिटर आणि 19 लिटरला 38 मिलिलिटर असा हिशेब होतो. प्रत्यक्षात त्यातले 30 मिलिलिटरच आधी घालावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखून उरलेल्याचा निर्णय घ्यावा, कारण घातलेला मसाला काढून घेण्याचा कोणताही मार्ग नाही. एकेकट्या मसाल्याचे माप ठरल्यावर जोड्या करून पाहाव्या लागतात, आणि येथे बेरीज साधी राहत नाही: दालचिनी आणि लवंग दोन्ही उष्ण, तीक्ष्ण अंगाच्या असल्याने एकत्र आल्या की प्रत्येकीचे माप कमी करावे लागते, तर संत्र्याची साल आणि आले यांची जोडी बिअरला हलके करते आणि दोन्ही आपापल्या मापात राहू शकतात. चाखण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. दातदुखीवर लवंगेचे तेल लावतात ते त्यातील युजेनॉल बधिरता आणते म्हणून, आणि तीच बधिरता कमी प्रमाणात चाखणाऱ्याच्या जिभेलाही येते. म्हणून साल, वेलदोडा, जायफळ, दालचिनी आणि आले यांच्या चाचण्या उरकल्याखेरीज लवंगेच्या बरणीला हात लावू नये, आणि शक्य असल्यास तिची चाचणी दुसऱ्या दिवशी करावी.

बाटल्या भरण्यापूर्वी सापेक्ष घनता लागोपाठ तीन दिवस स्थिर आहे याची खात्री करून घ्यावी. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीबंद केल्यास उरलेली साखर आतच आंबत राहते, दाब वाढत जातो आणि काच फुटून गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे या पायरीवर घाईला जागा नाही. स्थिर झालेल्या बिअरमध्ये सुमारे 110 ग्रॅम ग्लुकोज थोड्या पाण्यात उकळून, निववून मिसळले की बाटलीत हवा तेवढाच वायू तयार होतो. जायफळ आणि संत्र्याच्या सालीतील तेले फेसाला टिकू देत नाहीत, म्हणून या बिअरवरचा फेस लवकर बसला तर त्यात कृतीचा दोष शोधू नये. बाटल्या, नळ्या आणि पिंप निर्जंतुक ठेवण्याचा नियम कोणत्याही बिअरला लागू होतो तसा येथेही आहे. मसाल्यांत जंतुनाशक गुण असतात या समजावर विसंबून त्यात ढिलाई करणे चुकीचे ठरेल, कारण चवीपुरत्या मात्रेत ते गुण बिअरला वाचवण्याइतके प्रबळ नसतात.

दोन आठवडे किण्वन, दोन-तीन आठवडे बाटलीत वायू धरणे आणि त्यापुढे किमान महिना-दीड महिना मुरणे असा काळ धरला तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यासाठी मॅश सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीस लावावा लागतो. मुरण्याच्या काळात मद्यार्काचा बोचरेपणा कमी होतो, हॉप्सचा कडवटपणा ओसरतो, भाजलेल्या माल्टची चव गोलाईदार होते. संत्र्याच्या सालीचा सुगंध सर्वांत आधी फिका पडतो आणि लवंग सर्वांत शेवटपर्यंत टिकते. या असमान घसरणीमुळे ऑक्टोबरात अचूक वाटलेला तोल नाताळात लवंगेकडे झुकलेला असतो. अनुभवी मंडळी म्हणूनच साल थोडी चढी आणि लवंग स्पष्टपणे कमी ठेवून बाटल्या भरतात. पेल्यात ओतताना बिअर 10 ते 13 अंशांवर असावी. बर्फगार बिअरमधून मसाल्यांची तेले वर येतच नाहीत, आणि महिन्यांचे काम जिभेपर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक खेपेच्या चारसहा बाटल्या पुढच्या डिसेंबरसाठी मागे ठेवून नव्या खेपेशेजारी उघडल्या जातात, दोन्हींच्या नोंदी समोर ठेवून फरक लिहिला जातो, आणि पुढील वर्षी एकाच मसाल्याचे माप बदलले जाते, बाकी सर्व तसेच ठेवून.